बिनबोभाट

जहरा. जुन्या बाजारामागे टायपिंग सेंटर.
दिवसभर इथे लोकांचे अर्ज: इकाम्याची मुदतवाढ,
हरवलेला पासपोर्ट, बायकोला आणायची परवानगी.
पानाला अर्धा दिनार.
साडेनऊनंतर शटर अर्धं ओढून
एक पान फुकट.

वद्हा येते, मुलगी खांद्यावर झोपलेली.
वकीलबाई अनूद आधीच येऊन
चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसलेल्या.
परदेशातल्या कुठल्याशा कचेरीने पाठवलेला मसुदा
फोनवरून वाचून दाखवतात:
'आम्हांला तीव्र चिंता वाटते.'
मी टाइप करतो.
आम्ही म्हणजे खोलीतली तिघं,
एक मूल, आणि ऑक्टोबरात संपणारा माझा इकामा.

नाव मुतलक.
म्हणजे मोकळा सोडलेला.
हे बाईंनी पहिल्या पत्राच्या वेळी सांगितलं होतं,
नंतर तो विषय कुणी काढला नाही.
काम, रस्त्याकडेच्या पाण्याच्या कूलरची दुरुस्ती.
लोक पुण्य म्हणून दारापुढे कूलर ठेवतात,
बिघडला की याला बोलावतात.
राष्ट्रीयत्व.
इथे माझी बोटं दर वेळी थांबतात.
इकडे अशा माणसांना बिदून म्हणतात, म्हणजे 'विना'.
एवढंच. पुढे शब्द नाही.
आमच्यात 'बिन' कधी एकटा राहत नाही,
बिनपगारी, बिनभाड्याचा, बिनसाखरेचा,
कुणाचं तरी बोट धरून फिरतो.
ह्या माणसाने नुसत्या उपसर्गावर
एकतीस वर्षं काढली.

गुन्हा म्हणाल तर,
मुलीच्या जन्मदाखल्यासाठी कचेरीपुढे
पुठ्ठा धरून उभा राहिला.
पुठ्ठा कूलरच्या खोक्याचा,
मागच्या बाजूला बाण आणि 'ही बाजू वर'.
तिसऱ्या दिवशी पहाटे दोन गाड्या आल्या.
शेजारचा कुत्रासुद्धा भुंकला नाही.

दाभोळला आमची अम्मी म्हणायची,
निकाह कसा झाला? बिनबोभाट.
वाटण्या झाल्या? बिनबोभाट.
किती समाधानाने म्हणायची.
त्या शब्दात दोन गाड्या मावतात
हे मला इथे येऊन कळलं.

सहा पत्रांना उत्तर नाही.
सातव्याला आलं, शिक्का ठसठशीत:
'सदर नावाची व्यक्ती आमच्या कोणत्याही नोंदीत नाही.'
वद्हा हसायलाच लागली.
मुलगी दचकून उठली, तरी हसत होती.
हे तर ते त्याच्या जन्मापासून सांगताहेत, म्हणाली.
अनूदबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
लिही,
आपले पत्र पावले. आभारी आहोत.
ज्याची नोंद नाही त्याला मधुमेह आहे.

मग वद्हाला आठवलं, ते पण घाला:
इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे,
अंड्यांच्या शेजारी,
मुदत ह्या महिन्याच्या अठ्ठावीसपर्यंत.
कुणीही यावं, घेऊन जावं,
ती काही विचारणार नाही.
बाई म्हणाल्या, अंडी काढ,
मंत्र्याच्या पत्रात अंडी नसतात.
मी मान हलवली. काढली नाहीत.

नाक्यावरच्या कूलरखाली कुणीतरी पेला धरला,
चूळ भरून थुंकला. ऑगस्टचं पाणी,
चहा टाकावा असं.

फॅक्सचं यंत्र जुनं आहे,
नंबर लागला की किंचाळतं.
वरच्या मजल्यावर कोण राहतं मला माहीत आहे,
म्हणून मी त्याच्यावर टॉवेल टाकतो.
आज टॉवेल ओला होता, मागे दोरीवर.
मी बटण दाबलं.